ओठांची पाच अक्षरं

सकाळी दात घासून चूळ भरली आणि पाणी बेसिनमध्ये पडण्याऐवजी बनियनवर सांडलं. पुन्हा भरली, पुन्हा तेच. आरशात बघितलं तर चेहऱ्याची डावी बाजू झोपलेली होती. उजवी भुवई वर जात होती, डावी जागची हलत नव्हती. डावा डोळा मिटेना. हसून पाहिलं, तर तोंडाचा उजवा कोपरा गालावर चढला आणि डावा तसाच लोंबत राहिला.

बायकोला हाक मारली. ती शाळेत मराठी शिकवायची, आता निवृत्त आहे. तिने दारातूनच पाहिलं आणि हातातलं भांडं खाली ठेवलं.

"अहो, दोन्ही हात वर करा बरं."

मी केले.

"माझं नाव सांगा."

सांगितलं.

"आता हॉलपर्यंत चालून दाखवा."

एवढी परीक्षा झाल्यावर तिने रिक्षा बोलावली. दवाखाना कोथरूडमध्येच, घरापासून जवळ, पण तेवढ्या वेळातही तिने माझं मनगट सोडलं नाही. डॉक्टर तरुण होते. त्यांनी कपाळाला आठ्या घालायला लावल्या, गाल फुगवायला लावले, शिट्टी वाजवायला लावली. यातलं काहीच धड जमलं नाही. शेवटी ते म्हणाले, "अर्धांगवायू नाही, घाबरू नका. चेहऱ्याच्या नसेला सूज आली आहे. बहुतेकांचं सुधारतं, काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत. तुमच्या वयात अगदी पूर्ववत होईल असं मात्र खात्रीने सांगत नाही. काय करता आपण?"

"नट आहे."

त्यांनी नीट निरखून पाहिलं. "तरीच चेहरा ओळखीचा वाटत होता."

"तो जुना," मी म्हटलं.

घरी आलो तर सोसायटीत बातमी माझ्याआधी पोचली होती. स्कूटरवर वारं लागलं असणार, असं खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांचं मत पडलं. कुणी तेल सुचवलं, कुणी दृष्ट काढायला सांगितलं. बायको सगळ्यांना चहा देत होती आणि सगळे गेल्यावर मला म्हणाली, "इतकं मनावर घेऊ नका. चाळीस वर्षं नायकाच्या मागे उभे राहिलात. तुमची डावी बाजू पाहिली होती कुणी?"

मला आधी राग आला आणि मग अर्ध्या तोंडाने हसू आलं. ती तशीच बोलते. आत जाऊन डोळे पुसते, ते मला दिसू नये असं तिला वाटतं.

मी चरित्र अभिनेता आहे. चाळीसहून अधिक वर्षं हेच केलं. सदाशिव पेठेत दोन खोल्यांत वाढलो, कॉलेजात एकांकिका केल्या. पहिल्याच एकांकिकेत मला आजोबांचं काम मिळालं, तेव्हा मिसरूड नुकतं फुटलं होतं. दिग्दर्शकाला विचारलं, मलाच का? तो म्हणाला, "तुझ्या चेहऱ्याला तरुणपण नाहीच. वाईट वाटून घेऊ नकोस. हा चेहरा तुला म्हातारपणापर्यंत पुरेल." त्या दिवशी घरी जाऊन मी जेवलो नाही. पण बोलला ते खरं ठरलं. माझ्याबरोबरचे देखणे एकेक करून बाजूला पडले आणि मी वडील, मामा, वकील, फौजदार, सरपंच, पुजारी असं काहीबाही होत राहिलो. सरकारी कचेरीत नोकरी होती. शनिवार-रविवार नाटकाच्या गाडीत जायचे, रजा शूटिंगला जायच्या. चित्रपटात ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर येऊन मान हलवणारे डॉक्टर मी इतके केले, की एका लग्नात एका बाईंनी मला गुडघे दाखवले.

या धंद्यात तुम्हाला सतत कुणीतरी सांगत असतं, की जरा बाजूला हो. एका नाटकात नायकाचं काम करणारे मोठे नट होते. त्यांच्या लांबलचक भाषणाच्या वेळी मी नोकर म्हणून कोपऱ्यात उभा असायचो. एकदा ते म्हणाले, "माझ्या भाषणात तू हलतोस. लोकांचं लक्ष जातं. अजिबात हलायचं नाही." मी म्हटलं, बरं. पुढच्या प्रयोगाला हातात पाण्याचा पेला धरून असा पुतळ्यासारखा उभा राहिलो, की पापणीसुद्धा लवू दिली नाही. थोड्या वेळाने प्रेक्षागृहात खुसखुस सुरू झाली, मग हशा. लोक भाषण सोडून माझा पेला कधी हलतो ते बघत होते. मध्यंतरात ते माझ्यावर धावून आले. मी म्हटलं, "आपण सांगितलंत तेच केलं." त्यांनी मला नाटकातून काढायला सांगितलं, निर्मात्याने काढलं नाही, आणि त्यानंतर त्यांच्या भाषणात मला थोडं हलायची परवानगी मिळाली.

एकूण, बाजूला होणं माझ्या रक्तात नाही, हे मला माहीत होतं. पण तेव्हा माझा चेहरा माझ्या हुकमात होता.

आजारपण आलं तेव्हा माझी दोन कामं चालू होती. एक मालिका होती, तिचा सेट खराडीच्या पुढे एका मोठ्या शेडमध्ये उभारला होता. त्यात मी नायिकेचा आजेसासरा होतो. दुसरं नाटक. त्यात मी मुलीचा बाप. पहिल्या अंकात मी नाहीच. दुसऱ्या अंकात एकच प्रसंग, पण नाटक त्या प्रसंगावर उभं आहे. मुलीचा सासरी छळ चाललाय हे कळल्यावर गावाकडचा बाप एसटीने येतो, तिच्या सासऱ्यासमोर बसतो आणि सांगतो, "माझ्या मुलीला परत न्यायला मी आलोय. परवानगी मागायला नव्हे."

मालिकेच्या ऑफिसात फोन केला. तिथली मुलगी फार गोड बोलली. "सर, तुम्ही फुल रेस्ट घ्या. आम्ही ॲडजस्ट करतो." पुढच्या आठवड्यात संध्याकाळी टीव्ही लावला, तर माझ्या खुर्चीत दुसरेच गृहस्थ बसलेले. त्यांनी माझा कोट घातला होता. नायिका त्यांना 'आजोबा' म्हणत होती आणि घरातल्या कुणालाही, आपले आजोबा बदललेत, हे जाणवत नव्हतं.

बायको बराच वेळ बघत होती. म्हणाली, "कोट काखेत दाटतोय त्यांना."

दुसऱ्या दिवशी मी बसने खराडीला गेलो. मेकअपच्या खोलीत माझी शाल आणि चष्म्याची जादा जोडी राहिली होती, ती आणायची होती. पण खरं म्हणजे मला त्यांना तोंड दाखवायचं होतं. बसमध्ये काळा चष्मा लावून बसलो. डोळा मिटत नसल्यामुळे वाऱ्याने सारखं पाणी यायचं. शेडवर पोचल्यावर मी तो चष्मा काढून खिशात ठेवला.

ऑफिसातली मुलगी माझ्याकडे बघून उभी राहिली. कथानकाचं सगळं तीच बघायची. पंचविशीची असेल.

"सर, प्लीज गैरसमज करून घेऊ नका. चॅनेलचं म्हणणं पडलं की फॅमिली ऑडियन्स आहे, लोक डिस्टर्ब होतील."

"लोकांच्या घरात म्हातारी माणसं आजारी पडत नाहीत का?"

"पडतात ना सर."

"मग त्यांना घरातून काढून दुसरी आणतात?"

तिने टेबलावरचे कागद सारखे केले. मग हळूच म्हणाली, "माझ्या हातात नाहीये हो सर."

ते मला पटलं. तिच्यावर आवाज चढवून उपयोग नव्हता. मी शाल घेतली, चष्मा घेतला. जाताना सेटवर डोकावलो, तर ते नवे गृहस्थ संकोचून उठले. माझ्याइतकेच जुने नट. एकेकाळी एका गाडीतून आम्ही दौरे केले होते. "मला आधी कळलं नव्हतं," ते म्हणाले. मी म्हटलं, "काम सोडू नका. फक्त कोट सैल करून घ्या." खरंच त्यांच्यावर राग नव्हता. राग दुसऱ्याच गोष्टीचा होता. माणसाचं तोंड वाकडं झालं की तो माणूस दाखवण्याजोगा राहत नाही, हे कुणीतरी कुठल्यातरी खोलीत ठरवतं, आणि आपण 'विश्रांती' हा शब्द ऐकून आभार मानून निघायचं, याचा राग.

परतीच्या बसमध्ये मी काळा चष्मा लावला नाही. समोरच्या बाकावरची लहान मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. तिच्या आईने तिला वळवून बसवलं. ती पुन्हा वळली. मी एक डोळा मिचकावला, मला तेवढा एकच मिचकावता येत होता. ती खुदकन हसली.

मग नाटकाच्या निर्मात्यांचा फोन आला. "अहो, तब्येत महत्त्वाची. पुढचे प्रयोग आपण दुसऱ्या कुणालातरी घेऊन करू."

"मी करणार आहे," मी म्हटलं.

"तुम्हाला बोलता येतंय का नीट?"

"आत्ता बोलतोय ते काय आहे?"

ते म्हणाले, दिग्दर्शिकेला पाठवतो. दिग्दर्शिका चाळिशीतली, हुशार आणि स्पष्ट. ती कॉलेजात असल्यापासून मी तिला ओळखतो. ती आली, पाणी प्यायली, म्हणाली, "काका, ते वाक्य म्हणा."

मी म्हटलं. "माझ्या मुलीला फरत न्यायला मी आलोय. फरवानगी..."

मला स्वतःलाच ऐकू आलं. ओठ डावीकडे मिटत नव्हते आणि 'प' म्हणायला गेलो की तिथून हवा निसटून त्याचा 'फ' होत होता. तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग ती म्हणाली, "लेखकाशी बोललेय मी. तो शब्द बदलायला तयार आहे. 'परत'च्या जागी 'घरी' चालेल. 'परवानगी'च्या जागी 'आज्ञा'."

"हा बाप गावाकडचा आहे," मी म्हटलं. "तो 'आज्ञा' म्हणेल?"

"नाही म्हणणार."

"मग लेखकाला सांग, एक अक्षर बदलायचं नाही. मला प्रयोगापर्यंत वेळ दे."

तिने बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "माझ्याकडे काय बघतेस? यांनी कधी माझं ऐकलंय?"

प्रयोग दोन आठवड्यांवर होता. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात पहिलीचा वर्ग भरला. प, फ, ब, भ, म. ओष्ठ्य व्यंजनं, बायकोने सांगितलं, ओठ मिटल्याशिवाय यांतलं एकही नीट उमटत नाही. जन्मभर मराठी बोललो, पण आपण इतक्या वेळा ओठ मिटतो हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. आई म्हणताना नाही, पण माय, बाप, पुणे, पाणी, भूक, भाकरी, मरण म्हणताना. ती समोर बसायची आणि मी म्हणायचो, पपई, पापड, बंब, भोपळा. चुकलं की ती फक्त चष्म्यावरून बघायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "पुरे!" आणि ती म्हणाली, "हा 'पु' चांगला आला. अजून दहादा चिडा."

चेहऱ्याचे व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. ती बजावून गेली होती की जोर करायचा नाही, आरशासमोर हळूहळू. तिच्याच एका व्यायामात मला सापडलं, की तोंडाचा डावा कोपरा बोटाने किंचित वर दाबून धरला तर 'प' स्वच्छ येतो. पण रंगमंचावर बोट लावून कोण बोलतं? मग विचार केला, हा बाप एसटीतून उन्हातान्हात आलाय, घामेजला आहे. त्याच्या हातात रुमाल असेल. तो बोलताबोलता तोंड पुसेल. रुमालाच्या आड बोट.

तालमीत करून दाखवलं. दिग्दर्शिका खुर्चीतून पुढे झुकली. "काका, हा रुमाल आधीच का नव्हता?" मी म्हटलं, "आधी गरज नव्हती."

प्रयोग रविवारी, दुपारचा होता. बऱ्यापैकी भरलेलं नाट्यगृह. माझी एंट्री दुसऱ्या अंकात, त्यामुळे मी मेकअप करून विंगेत खुर्चीवर बसलो होतो. भीती वाटत होती. ती प्रत्येक प्रयोगाला वाटते, पण आजची पोटातली नव्हती, ओठांतली होती. सासऱ्याचं काम करणारा नट जवळ आला आणि म्हणाला, "अडलात तर मी सांभाळून घेतो." मी म्हटलं, "नको. अडलो तर अडू दे."

मी गेलो. डावी बाजू प्रेक्षकांपासून चुकवायची म्हणून खुर्ची आधीच तिरकी लावून घेतली होती. रुमालाने तोंड टिपत बोलत होतो, अक्षरं येत होती. दिव्यांमुळे डाव्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. ते रडणं नव्हतं, नुसतं पाणी होतं, पण मुलीचं काम करणाऱ्या नटीने ते पाहिलं आणि तिचा आवाज खरोखर फुटला. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. मग ते वाक्य आलं. मी रुमाल तोंडाकडे नेला आणि घामाने ओला झालेला रुमाल बोटाखालून सरकला.

"माझ्या मुलीला फरत न्यायला मी आलोय."

मधल्या रांगांतून कुणीतरी हसलं. मोठ्याने नाही, नाकातून. पण नाट्यगृहात ते ऐकू येतं.

त्या क्षणी काय वाटलं ते सांगतो. लाज नाही वाटली. मला त्या बापाचा राग आला, म्हणजे त्या बापाला जो राग येईल तो आला. मुलगी मार खातेय आणि समोरची माणसं तिच्या बापाच्या बोलण्याला हसताहेत. मी रुमाल खिशात कोंबला. खुर्चीवरून उठलो. आणि जी बाजू लपवत होतो तीच पूर्ण प्रेक्षकांकडे केली, ते वाकडं तोंड, तो उघडा वाहता डोळा, सगळं, आणि सावकाश पुन्हा म्हटलं.

"माझ्या मुलीला फरत न्यायला मी आलोय. फरवानगी मागायला नव्हे."

पुढचं वाक्य सासऱ्याचं होतं. त्याने ते बऱ्याच वेळाने म्हटलं. नंतर तो मला सांगत होता की त्याला ते आठवत होतं, पण तोंड उघडवेना. मी मुलीचा हात धरला, तिची पिशवी उचलली आणि बाहेर पडलो. विंगेत आल्यावर तिनेच मला खुर्चीवर बसवलं.

प्रयोगानंतर निर्माते आले. "बरं झालं," एवढंच म्हणाले आणि पुढच्या प्रयोगाची तारीख सांगितली. त्यांच्यामागून एक वृद्ध गृहस्थ आत आले, हातात कापडी पिशवी.

"काम चांगलं झालं," ते म्हणाले. "पण तोंड इतकं वाकडं करायची गरज नव्हती. ते जरा ओव्हर होतं."

"अहो, ते खरंच वाकडं आहे," मी म्हटलं.

त्यांनी जवळ येऊन पाहिलं. "असं होय. मग हरकत नाही. पण सुरुवातीची वाक्यं मागे पोचत नव्हती, तेवढं बघा."

त्यांच्याइतका प्रामाणिक अभिप्राय मला वर्षानुवर्षं मिळाला नव्हता. पुढच्या प्रयोगाला आवाज वाढवला. रुमाल ठेवला, पण तो फक्त घाम पुसायला. त्या वाक्याला तो मी पुन्हा तोंडाकडे नेला नाही.

चार-पाच महिन्यांत चेहरा पुष्कळ सुधारला. डोळा मिटायला लागला, 'प' परत आला. डावा कोपरा मात्र थोडा खालीच राहिला आणि आता तो तिथेच राहणार असं डॉक्टर म्हणतात. मालिकेच्या त्याच मुलीचा फोन आला. नवी मालिका होती, तिच्यात माझ्यासाठी काम होतं. "सर, तुमचा लूक आता खूप इंटरेस्टिंग आहे. कपटी सावकार. एकदम परफेक्ट."

"सावकार कपटी आहे, तो ठीक. त्याचं तोंड वाकडंच का?"

"म्हणजे सर, बघताक्षणी कळतं ना."

"काय कळतं?"

ती पुन्हा लूकबद्दलच सांगायला लागली. मी म्हटलं, "आजेसासरा असेल तर सांग. भाजीवाला, न्यायाधीश, देवळात बसलेला माणूस, काहीही चालेल. वाकडं तोंड म्हणून वाईट माणूस, हे मी करणार नाही." तिने बरं म्हटलं. फोन परत आला नाही, आणि मला त्याचं दुःख नाही.

मग एका चित्रपटासाठी फोटो मागितले. जुने पाठवता आले असते, तो सरळ चेहरा अजून माझ्याकडे ढिगाने आहे. मी पेठेतल्या एका स्टुडिओत गेलो. फोटोग्राफरने सवयीने माझी हनुवटी धरून चेहरा वळवायला बघितला.

"समोरून काढा," मी म्हटलं.

त्याने काढला. संगणकावर दाखवला. मग जरा चाचरत म्हणाला, "काका, हा डावा कोपरा उचलून देऊ? कळणारसुद्धा नाही."

"हात लावायचा नाही."

"तसं नाही, सगळेच करून घेतात आता."

"घेऊ देत. तुम्ही मला जे दिसतंय ते छापून द्या."

त्याने खांदे उडवले आणि छापून दिला. तो फोटो मी पाठवला. दिग्दर्शकाने बोलावलं, माझ्या तोंडाविषयी एक शब्द काढला नाही, सरळ प्रसंग वाचायला दिला. सध्या त्याच चित्रपटात एका निवृत्त ग्रंथपालाचं काम करतोय. चांगला माणूस आहे, थोडा तिरसट. एका प्रसंगात त्याच्याकडे खूप वर्षांनी जुनी मैत्रीण येते आणि तो हसतो. कॅमेरा जवळ आहे, अगदी समोर. दिग्दर्शकाने विचारलं, कसं करणार? मी म्हटलं, "हसणार."